क्रियापदाची वाट बघताना

भाजीवाल्याला त्याचा मोबाइल नंबर विचारा. "नाइन एट टू टू" अशी सुरुवात होते आणि दहाही आकडे एका दमात बाहेर पडतात. मध्ये न अडखळणं, न आठवणं. हाच माणूस पुढच्या मिनिटाला सांगेल, "साहेब, इंग्रजीचं आणि आपलं काही जमत नाही." मैदानावर "हाऊज दॅट" म्हणून गळा फाडणारा पोरगा मनात आधी 'हे कसं आहे?' असं म्हणत नाही. "नो बॉल", "रन आउट", "हॅपी बर्थडे", "ऑल द बेस्ट" हे सगळं आपण भाषांतर न करता, योग्य वेळी, योग्य सुरात बोलतो. थोडक्यात, भाषांतराशिवाय इंग्रजी बोलणं काय असतं याचा अनुभव महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येकाला आहे. फक्त त्याला कुणी इंग्रजी म्हणत नाही.

आता त्याच भाजीवाल्याला हिशेबाचा आकडा इंग्रजीत सांगायला लावा. एकोणऐंशी रुपये झाले. तो थांबतो. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, म्हणजे सत्तरच्या घरातला नऊ, म्हणजे सेव्हन्टी नाइन. तेवढ्यात कानात 'ऐंशी' वाजलेलं असल्यामुळे तोंडून "एटी नाइन" निघून जातं आणि दहा रुपयांचा घोळ होतो. नंबर सांगताना जो माणूस वाऱ्यासारखा सुटला होता तोच इथे अडकला, कारण सुटे आकडे त्याने इंग्रजीतच ऐकले आणि इंग्रजीतच वापरले. जोडसंख्या मात्र मराठीतून इंग्रजीत नेताना उलटी करावी लागते. मराठी आधी एकक सांगते, मग दशक. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'सोबत 'वीस पाच' असं वाचन आणलं तेव्हा केवढं रान उठलं होतं, ते आठवत असेल. त्या वादात कोण बरोबर हा आपला विषय नाही. अडचण खरी होती, एवढं मात्र मान्य करायला हवं.

हीच उलथापालथ वाक्यात होते तेव्हा तर बोलणाऱ्याची पुरती दमछाक होते. एका कचेरीत मुलाखतीला आलेला मुलगा बाहेरच्या बाकावर बसलाय. आतून कुणीतरी येऊन विचारतं, "येस?" त्याला म्हणायचंय, 'मी दोन तासांपासून साहेबांची वाट बघतोय.' तो मराठी वाक्य डोक्यात धरतो आणि डावीकडून उचलायला लागतो. मी, म्हणजे "आय". दोन तासांपासून, "सिन्स टू अवर्स". साहेबांची... "सर्स"? पुढे 'वाट'. वाट म्हणजे रस्ता, पण इथे रस्ता नाही. मग 'बघतोय'. तेव्हा कुठे कळतं की शेवटचे दोन शब्द मिळून "वेटिंग" होतं. पण इंग्रजी वाक्याला तो शब्द "आय"च्या मागोमाग हवा होता. म्हणजे मुलगा मराठी वाक्याच्या शेवटापर्यंत पोचून, तिथलं क्रियापद उचलून, पळत सुरुवातीला येतो. तोवर "हॅव बीन" की "अ‍ॅम" हा पेच उभा राहिलेला असतो, आणि विचारणारा माणूस घड्याळाकडे बघत असतो.

याला आपण आत्मविश्वास नाही असं म्हणतो. मला ते निदान पटत नाही. इथे कमी पडतोय तो वेळ, आणि किती कमी पडतो ते मोजलेलं आहे.

नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथे भाषेच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणारी माक्स प्लांक संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २००९ साली दहा भाषांतल्या रोजच्या गप्पा तपासल्या. त्यात जपानी, डॅनिश, लाओ, मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा एकमेकींशी काही नातं नसलेल्या भाषा होत्या. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? सरासरी साधारण एक पंचमांश सेकंद. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. समोर एखादं चित्र दाखवलं आणि 'हे काय?' विचारलं, तर आपल्या मातृभाषेतला एक साधा शब्द ओठांवर यायलाही सुमारे ०.६ सेकंद लागतो. म्हणजे एक शब्द तयार करायला जेवढा वेळ लागतो त्याच्या एक तृतीयांश वेळात माणसं उत्तर द्यायला लागतात. हे जमतं कारण समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपण आपलं जुळवायला घेतलेलं असतं. ऐकणं आणि जुळवणं अशी दोन कामं एकाच वेळी चालतात. त्यात तिसरं काम घुसवायचं, म्हणजे आधी इंग्रजी ऐकलेलं मराठीत आणायचं, मराठीत उत्तर तयार करायचं आणि ते इंग्रजीत न्यायचं, हे हुशार माणसालाही झेपणारं नाही. नायमेखेनच्या त्या संस्थेचे संस्थापक विलेम लेव्हेल्ट यांनी बोलण्याच्या प्रक्रियेवर १९८९ साली लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे. माणूस सहज बोलताना सेकंदाला दोन ते तीन शब्द उच्चारतो. त्या वेगात शब्दाशब्दाची अदलाबदल करायला फट उरतच नाही.

जाता जाता एक गंमत. क्रियापद शेवटी ठेवणं हा काही मराठीचा दोष नाही. जपानीही क्रियापद शेवटीच ठेवते, आणि त्या दहा भाषांत सर्वांत चटपटीत उत्तरं जपानी माणसांचीच निघाली. घोटाळा होतो तो एका भाषेचा साचा धरून दुसरी बोलताना.

मग हे भाषांतर आपल्या डोक्यात बसवलं कुणी? शाळेने. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'वर इंग्रजी शिकल्या. नियम, शब्द, मग मराठीतून इंग्रजीत दहा वाक्यं, इंग्रजीतून मराठीत दहा वाक्यं. त्या पुस्तकांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. त्यांच्यावर शिकलेली माणसं इंग्रजी पत्र बिनचूक लिहीत आणि इंग्रजी वर्तमानपत्र वाचून दाखवत. पुस्तकांना तेवढंच करायचं होतं. बोलायला लावणं हा त्यांचा हेतूच नव्हता. ही रीत मुळात युरोपातल्या शाळांत लॅटिन आणि ग्रीक शिकवताना रुळलेली, म्हणजे ज्या भाषांत दूध मागायची वेळ कुणावर येत नव्हती त्या भाषांची. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनीत तीच रीत फ्रेंच-इंग्रजीसारख्या चालत्या-बोलत्या भाषांना लावली गेली, तिथून जगभर पसरली आणि आपल्याकडेही आली.

या रीतीचा सर्वांत प्रामाणिक बळी म्हणजे फ्रान्स्वा ग्वँ. हा फ्रान्समधला लॅटिनचा शिक्षक. जर्मन शिकायला म्हणून तो हँबुर्गला गेला आणि लोकांत मिसळण्याऐवजी खोलीचं दार लावून बसला. दहा दिवसांत जर्मन व्याकरणाचं पुस्तक आणि २४८ अनियमित क्रियापदं तोंडपाठ केली. मग मोठ्या उमेदीने व्याख्यान ऐकायला गेला. एक शब्द कळला नाही. परत खोलीत. आता शब्दांचे धातू पाठ केले. न्हाव्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा प्रयत्न केला, तर लोक हसले. गटे आणि शिलर यांचं भाषांतर करून पाहिलं. शेवटी गडी पेटला आणि ३०,००० शब्दांचा अख्खा शब्दकोश पाठ करायला बसला. तोही केला. व्याख्यान तरीही कळलं नाही.

हात हलवत तो घरी परतला, तर जाताना जेमतेम बोलणारा त्याचा तीनएक वर्षांचा भाचा घडाघडा फ्रेंच बोलत होता. हे पोरगं एकदा पिठाची गिरणी बघून आलं. घरी आल्यावर त्याने तीच गिरणी खेळात मांडली: पोती भरली, वाहून नेली, दळली, आणि प्रत्येक कृती करताना ती बोलून दाखवली. आधी हे, मग हे, मग हे. ग्वँने ते पाहिलं आणि त्यावरून १८८० साली एक पुस्तक लिहिलं. त्याची पद्धत अशी की एखादं साधं काम घ्यायचं आणि त्याची प्रत्येक पायरी करता करता त्या भाषेत बोलायची. मी दाराकडे जातो. मी दाराशी पोचतो. मी मूठ धरतो. मी मूठ फिरवतो. मी दार ओढतो. वाचायला हे बाळबोध वाटतं, पण यात एक मर्म आहे. क्रम हातांना आणि डोळ्यांना ठाऊक असल्यामुळे पुढचं वाक्य कोणतं हे मातृभाषेला विचारावं लागत नाही.

ग्वँच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी, १८८२ साली, जर्मनीत व्हिल्हेल्म फिएटोर यांनी टोपणनावाने एक पत्रक काढलं. त्याच्या शीर्षकाचाच आशय असा होता की भाषाशिक्षणाने आता उलटं फिरलं पाहिजे. तिकडे अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावात मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ साली शाळा काढली होती. तिथली सांगितली जाणारी हकीकत मजेदार आहे. बर्लिट्झनी फ्रेंच शिकवायला निकोला जोली नावाचा मदतनीस नेमला आणि तो आल्यावर कळलं, त्याला इंग्रजी अजिबात येत नाही. नेमके बर्लिट्झ आजारी. नाइलाजाने जोलीला वर्गावर सोडलं. काही आठवड्यांनी बर्लिट्झ धास्तावलेल्या मनाने वर्गात आले, तर विद्यार्थी उत्साहाने फ्रेंचमध्ये बोलत होते. तेव्हापासून 'वर्गात मातृभाषेला बंदी' हा मंत्र झाला.

आपल्याकडच्या इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासांनी हा मंत्र उचलला आणि त्याला एक वाक्य जोडलं: 'इंग्रजीत विचार करा.' फाडफाड इंग्रजीचं आश्वासन देणाऱ्या प्रत्येक फलकामागे हे वाक्य उभं असतं. मला विचाराल तर याहून निरुपयोगी सल्ला शोधून सापडणार नाही. ज्याला इंग्रजी बोलता येत नाही त्याला इंग्रजीत विचार करायला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला आधी पाण्यात झोपायला सांगण्यासारखं आहे. शिवाय त्यात एक गैरसमज दडलेला आहे, की अस्खलित बोलणारा माणूस मातृभाषेचं बटण बंद करतो. तसं होत नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मायकेल स्पायव्ही आणि व्हियोरिका मॅरियन यांनी १९९९ साली रशियन आणि इंग्रजी या दोन्ही भाषा बोलणाऱ्यांची नजर टिपली. समोर टेबलावर वस्तू मांडलेल्या, त्यात एक मार्कर आणि एक पोस्टाचं तिकीट. सूचना रशियनमध्ये: तिकीट फुलीच्या खाली ठेवा. रशियनमध्ये तिकिटाला 'मार्का' म्हणतात. सूचना रशियन, ऐकणारा रशियन, तरी त्याची नजर मध्येच मार्करकडे वळत होती, नाव न जुळणाऱ्या इतर वस्तूंपेक्षा जास्त वेळा. दोन्ही भाषा एकदमच जाग्या असतात. कुणीही घरी जात नाही.

शिकत जाताना बदलतं ते वेगळंच. ज्युडिथ क्रोल आणि एरिका स्ट्युअर्ट यांनी १९९४ साली मांडलेल्या प्रारूपानुसार नवशिक्याचा परका शब्द आधी मातृभाषेतल्या शब्दाला बांधलेला असतो आणि त्याच्यामार्फत अर्थाला. वापर वाढतो तसा परक्या शब्दाचा अर्थाशी थेट रस्ता पडतो. जुना रस्ता बुजत नाही, फक्त त्यावरून जायची गरज कमी होते. म्हणजे सुरुवातीला भाषांतर होणारच. त्याची लाज वाटून घेण्यात, मराठी बोलल्याबद्दल वर्गात दंड लावण्यात काही हशील नाही. प्रश्न एवढाच, की थेट रस्ता पडतो कसा?

याचं उत्तर सुट्या शब्दांपेक्षा मोठ्या तुकड्यांत आहे. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर या दोघांनी १९८३ साली एका लेखात दाखवून दिलं की इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती माणसंसुद्धा वाक्यं दर वेळी नव्याने घडवत नाहीत. त्यांच्यापाशी लाखोंच्या घरात तयार तुकडे असतात, काही अख्ख्या वाक्याएवढे. बोलताना ते तुकडे सरळ बाहेर येतात आणि मधल्या सांध्यांपुरताच विचार करावा लागतो. आपणही मराठीत हेच करतो. 'बघू, जमलं तर येतो', 'तसं काही नाही हो', 'जेवणं झाली का?' यातलं व्याकरण कुणी बोलताना लावत नाही. बाकावरच्या त्या मुलाला "आय हॅव बीन वेटिंग फॉर" हा अख्खा तुकडा जिभेवर असता, तर पुढे फक्त "टू अवर्स" म्हणायचं राहिलं असतं. क्रियापदाची वाट बघावी लागली नसती. ते तुकड्यात आधीच बसलेलं आहे.

तुकडे घेण्याचा आणखी एक फायदा बहुतेक पुस्तकांत सांगितलेला नसतो. तो अदबीचा. फोनवर अनोळखी माणसाला आपण 'आपण कोण?' असं विचारतो. त्यात 'आपण' आहे, आदर आहे, काही चुकलेलं नाही. शब्दशः नेलं की होतं "हू आर यू?" आणि पलीकडच्याला वाटतं, हा अंगावर आला. मराठीचा आदर सर्वनामात आणि क्रियापदाच्या रूपात असतो: या, बसा, सांगा. इंग्रजीत ती सोय नसल्यामुळे आदर तयार वाक्यात ठेवलेला असतो: "मे आय नो हूज कॉलिंग?" 'जरा थांबा'चं "वेट" होतं तेव्हा 'जरा'ही गळतो आणि अनेकवचनही. कितीतरी सज्जन मराठी माणसं इंग्रजीत उद्धट ठरतात ती एवढ्याचमुळे. व्याकरण कितीही घोकलं तरी ही चूक सुधारत नाही, कारण व्याकरणात ती चूकच नाही.

आता तुकडा माहीत असणं आणि तो तोंडात बसणं यांत अंतर आहे. ते कापायला मला सर्वांत भरवशाची वाटणारी युक्ती साधी आहे. किथ मॉरिस यांनी ती १९८३ साली सुचवली आणि न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी तिचा प्रसार केला. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायची. पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. गोष्ट तीच, वेळ कमी. ऐकणारा बदलतो म्हणून सांगणारा कंटाळत नाही आणि पाठांतरही होत नाही.

समजा, एसटी घाटात अडकल्यामुळे लग्नाला उशीर झाला, ही हकीकत सांगायची आहे. पहिल्या फेरीत असं काहीसं होतं: "वी... वी वेअर गोइंग... टु मॅरेज. देन घाट... इन द घाट..." दरड कोसळली याला इंग्रजीत काय म्हणतात? आठवत नाही. गाडी तिथेच थांबते, एसटीसारखीच. शेवटी "द रोड वॉज ब्लॉक्ड" यावर भागवलं जातं. दुसऱ्या फेरीत "द रोड वॉज ब्लॉक्ड" आयतं तयार आहे, त्यामुळे डोक्याला दुसरीकडे बघायला उसंत मिळते: "वी वेअर गोइंग टु अ वेडिंग, बट द रोड वॉज ब्लॉक्ड." तिसऱ्या फेरीत वेळ इतका कमी की मराठीकडे वळून बघायला फुरसत नाही: "वी वेअर ऑन अवर वे टु अ वेडिंग व्हेन द बस गॉट स्टक इन द घाट." 'घाट' तसाच राहिला, राहू दे. 'दरड'साठी लँडस्लाइड हा शब्द घरी जाऊन पाहता येतो. नेल द योंग आणि चार्ल्स पर्फेटी यांनी २०११ साली या युक्तीची परीक्षा घेतली. एकच विषय तीनदा बोलणाऱ्यांचा आणि दर वेळी नवा विषय बोलणाऱ्यांचा वेग त्या त्या वेळी वाढला, पण पुढे नव्या विषयावरही ओघ टिकला तो तेच तेच बोललेल्यांचा. रोज नवा विषय घेऊन भाषण करायला लावणाऱ्या क्लासांनी यावर विचार करायला हरकत नाही.

तीन माणसं मिळत नसतील तर फोनमध्ये स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून भागतं, पण ऐकणारं माणूस असलं तर बरं. आणि हकीकत स्वतःची हवी. "माय ऐम इन लाइफ" या विषयावर मराठीतही कुणी अस्खलित बोलत नाही.

भाषांतराला यात जागा आहे, ती बोलण्याच्या आधी. उद्या बँकेत, दवाखान्यात किंवा मुलाखतीत काय म्हणावं लागणार आहे ते आज मराठीत लिहा, जाणकाराकडून त्याचं इंग्रजी करून घ्या, आणि मराठी कागद बाजूला ठेवून ते तीनदा बोला. तर्खडकरांच्या वाचकांना पहिल्या दोन पायऱ्या उत्तम येत होत्या. तिसरी कुणी सांगितली नाही.

कामापुरत्या तुकड्यांवर भाषा कशी चालते ते अजिंठ्याला दिसतं. तिथे जपानी पर्यटक येतात, आणि तिथल्या काही मार्गदर्शकांना, फिरत्या विक्रेत्यांनाही जपानी बोलता येतं. त्यांतल्या अनेकांनी ही भाषा लेण्यांच्या पायऱ्यांवर उचलली. माल केवढ्याला, कुठून आला, कमी होणार नाही, इकडून या, पाय जपून, फोटो काढू का. वाक्यं ठरलेली, पण एकाही वाक्याआड मराठी उभी नाही. त्यांची भाषा त्यांच्या कामाएवढी आहे आणि तेवढ्यात ती अस्खलित आहे. एखाद्याने भलताच प्रश्न विचारला तर ते अडतात. मग दुपारी गर्दी ओसरली की एखाद्या जुन्या मार्गदर्शकाला विचारतात, याला काय म्हणायचं, आणि चारच्या बसने आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकावर ते वाक्य वापरून बघतात.